आठवण खरी, पण अर्जदाराची नाही

पाणीपुरवठा खात्यातल्या दोनशे बारा कर्मचाऱ्यांनी आपण मुळात कोण आहोत हे महिनाअखेरीपर्यंत दोन प्रतींत कळवावं, असं परिपत्रक सोमवारी सकाळी सूचनाफलकावर लागलं. खाली टीप होती: मुदतीत न कळवणारे कर्मचारी मुळात कोणीच नाहीत असं गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल. लोकांनी परिपत्रक वाचलं, तारीख तेवढी लक्षात ठेवली आणि चहाला गेले.

यामागचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. खात्याचे साहेब तीन दिवसांच्या एका शिबिराला गेले होते. जाताना ते रजेचे अर्ज फेटाळणारे, टेबलावर पेपरवेट आपटणारे असे सरळसाधे साहेब होते. शिबिरात त्यांना डोळे मिटून बालपणात जायला सांगितलं. साहेब गेले. तिथे त्यांना कुणीतरी भेटलं, आणि ते कुणीतरी म्हणजे लहानपणीचे साहेब स्वतःच होते म्हणे. मग दोघं मिळून खूप रडले. येताना साहेब एका सल्लागार बाईंना बरोबरच घेऊन आले. बाई कमालीच्या हळू बोलत. ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे, त्यामुळे सगळं खातं त्यांच्यापुढे नम्र दिसू लागलं.

बाईंचं म्हणणं सोपं होतं. माणूस लहानपणी जसा असतो तोच खरा; पुढचा सगळा शाळेने, लग्नाने आणि नोकरीने बिघडवलेला. साहेबांनी या विचाराला प्रशासकीय रूप दिलं. प्रत्येकाने आठव्या वर्षाआधीची एक आठवण विहित नमुन्यात सादर करायची. ती घडताना जवळ असलेला, अर्जदाराहून किमान पाच वर्षांनी मोठा असा साक्षीदार हवा. साहेब, बाई आणि आस्थापना शाखेचे हेडक्लार्क अशी तिघांची समिती त्या आठवणीतून माणसाचं 'मूळ स्व' काढणार. ज्याचं स्व टेबलाशी जुळेल तो त्या टेबलावर राहणार. न जुळेल त्याला जिथे जुळेल तिथे पाठवणार.

सर्वांत आधी अर्ज दिला तो उंच टाकीवरच्या पंपवाल्याने. भला माणूस बिचारा. त्याने खरं तेच लिहिलं, की लहानपणी मी पाण्याला फार घाबरायचो आणि आंघोळीच्या वेळी पळून जायचो. नोकरीची बावीस वर्षं तो पाण्यावर बसून होता आणि त्याने एकदाही टाकी ओसंडू दिली नव्हती. समितीने ती बावीस वर्षं 'आत्मवंचनेचा कालावधी' म्हणून सेवापुस्तकात नोंदवली आणि त्याला कोरड्या जागी, म्हणजे जुन्या रजिस्टरांच्या गोदामात नेऊन बसवलं. टाकी दुसऱ्याच दिवसापासून ओसंडू लागली. पण आता तिथे बसलेल्या माणसाचं स्व टाकीशी जुळत होतं, त्यामुळे तक्रारीला जागा उरली नाही.

एवढं बघून खातं शहाणं झालं. आठवड्याभरात दोनशे दहा जणांच्या आठवणी फटाफट मंजूर झाल्या. कशा, ते पुढे कळेलच. राहिले एकटे नकाशेबुवा.

नकाशेबुवा हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. तळमजल्यावरच्या नकाशाखोलीत ते अठ्ठावीस वर्षं होते, म्हणून ते नाव पडलं. शहराच्या पोटात कुठला पाइप कुठून जातो, कुठे वळतो, कुठल्या वर्षी कुणी चुकून तोडला आणि कसाबसा जोडला, हे सगळं त्या खोलीतल्या सपाट खणांत, कापडावर चिकटवलेल्या नकाशांत होतं. नकाशांत नव्हतं ते बुवांच्या डोक्यात होतं. वय त्रेपन्न. लग्न राहून गेलं असं ते म्हणत, त्यांची थोरली बहीण म्हणे, "नकाशाची घडी मोडेल म्हणून केलं नाही त्याने." खोलीला खिडकी नव्हती, पंख्याचं एक पातं कमी होतं. पण सकाळी कुलूप काढताना बुवांचा चेहरा जसा दिसे तसा त्या वेळी खात्यात दुसऱ्या कुणाचा दिसत नसे. बढती नको, बदली नको, वरच्या मजल्यावरची उजेडाची जागा तर मुळीच नको. निवृत्तीपर्यंत हीच खोली, एवढंच त्यांचं जगाकडे मागणं होतं.

त्यामुळे अर्ज भरताना त्यांना काडीची चिंता नव्हती. आठवण तयारच होती. आई लोकांचे कपडे शिवायची, घरात बटणांचा एक पत्र्याचा डबा असायचा. तो घेऊन बुवा पलंगाखाली बसत आणि बटणं लावत बसत: आकाराप्रमाणे, रंगाप्रमाणे, भोकांप्रमाणे. निळी, कोटाची, चार भोकांची बटणं भिंतीकडच्या रांगेत. दुपार कधी संपली ते कळायचं नाही. आता हा मुलगा मोठेपणी नकाशे सांभाळणार नाही तर काय विमान चालवणार? बुवांनी सुवाच्य अक्षरात आठवण लिहिली आणि साक्षीसाठी ताईकडे गेले.

ताईचं शिवणाचं दुकान होतं. वय साठ, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात असल्या तरी तिचं बोलणं कधी अडत नसे.

"ताई, इथे सही कर. इथे आणि इथे."

ताईने टाचण्या काढून ठेवल्या, चष्मा लावला आणि अर्ज वाचायला घेतला. या सबंध प्रकरणात कुणाचा तरी अर्ज वाचणारी ती पहिलीच व्यक्ती.

"छोट्या, हे कुणाचं लिहिलंयस?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

"पलंगाखाली मी बसायची."

"तू पण बसत असशील."

"मी पण नाही, मीच. सात-आठ वर्षांची होते मी. तू वर, पलंगावर, दोन उशांच्या मधे. दुपट्यात गुंडाळलेला."

"अगं, मला स्वच्छ आठवतंय! निळी बटणं भिंतीकडे लावायचो मी."

"निळी भिंतीकडे का लावायची?" ताईने विचारलं. बुवांना सांगता येईना. "तिथे अंधार असायचा. निळी तिथे दिसायची नाहीत, नुसती बोटाला लागायची. मला ते आवडायचं. हे तुला मी सांगितलंय रे. झोपायचाच नाहीस तू. मग मी बटणांची गोष्ट सांगायची. निळी इकडे, पांढरी तिकडे. पांढऱ्यांपर्यंत तुझा डोळा लागायचा."

बुवांच्या पायाखालची जमीन सरकली. "मग मी काय करायचो?"

"तू? तू रांगायला लागलास आणि पहिल्याच दिवशी एक बटण गिळलंस. दोन दिवस घर नुसतं तुझ्या मागे. तेव्हापासून डबा गेला वरच्या फळीवर आणि माझं पलंगाखाली बसणं बंद."

"बरं बाई, तुझी तर तुझी. सही तेवढी कर. माझ्या खोलीचा प्रश्न आहे."

"खोटी सही मी करायची नाही," ताई म्हणाली. साक्षीदाराच्या अभिप्रायासाठी फॉर्मवर तीन ओळी रिकाम्या होत्या. तिने सातवीपर्यंतच्या घोटीव अक्षरात लिहिलं: "आठवण खरी आहे. पण अर्जदाराची नाही. माझी आहे." आणि खाली झोकात सही ठोकली.

दुसरा कुणी असता तर त्याने तो फॉर्म तिथेच फाडून नवा आणला असता. पण फॉर्मवर क्रमांक होता, आणि बुवांनी आयुष्यात खात्याचा क्रमांक असलेला कागद फाडला नव्हता. त्यांनी तो घडी न पाडता नेला आणि सादर केला.

समितीपुढे सुनावणी झाली.

"म्हणजे आठवण खरी आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"आणि ती नकाशाखोलीशी जुळते आहे."

"तंतोतंत," हेडक्लार्क म्हणाले.

"फक्त ती यांची नाही."

बाई पुढे झुकून अगदी हळू म्हणाल्या, "स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य जगलात. किती दमला असाल."

"मी मुळीच दमलेलो नाही, बाई," बुवा म्हणाले.

"बघा, किती दमलाय," बाई साहेबांना म्हणाल्या.

तरीही समिती न्यायप्रिय होती. एका बाजूचं ऐकून निर्णय नको म्हणून हेडक्लार्क स्वतः बुवांच्या घरी गेले आणि त्यांनी ब्याऐंशी वर्षांच्या आईचा जबाब घेतला. पलंगाखाली नेमकं कोण बसत असे, असा प्रश्न होता. आई म्हणाली, "असायचं कोणीतरी. पाय दिसायचे." कोणाचे पाय? "आता पायावर काय नाव लिहिलेलं असतं? आणि बटणं त्यांची कशी? बटणं माझी. एक हरवलं तर गिऱ्हाइकाची बोलणी मी खायची." हेडक्लार्कांनी हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. अशा रीतीने एका आठवणीला आता तीन दावेदार झाले.

निकाल लागेपर्यंत नकाशाखोलीला सील लागलं. ज्याचं स्व वादात आहे त्याला टेबल देता येत नाही, म्हणून बुवांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. तात्पुरती नोंद अशी झाली: "साक्षीदाराच्या कथनानुसार अर्जदाराचं मूळ स्व: बटण गिळणारा. खात्यात या स्वरूपाचं पद मंजूर नाही." बुवा बाकावर बसून समोरच्या लाखेच्या सीलकडे बघत. येणारे-जाणारे विचारत, "काय बुवा, मोकळे का?" सकाळी उठल्यावर बुवांचा हात आपोआप किल्लीसाठी खिशात जाई, आणि तो रिकामा बाहेर आला की त्यांना रडू यायचं, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दहा वाजता बाजारपेठेत मुख्य पाइप फुटला. पाणी दुकानांत शिरलं, चपला तरंगू लागल्या. पाणी थांबवायचं तर जमिनीखालचा व्हॉल्व्ह सापडायला हवा, व्हॉल्व्ह सापडायचा तर नकाशा हवा, आणि नकाशा सीलच्या आत. सील काढायला समितीचा ठराव हवा होता, आणि बाई दुपारी बारापर्यंत मौनात असत. मुकादमाने अंदाजाने एक खड्डा खणला. मग दुसरा. साडेअकरापर्यंत सहा खड्डे झाले आणि सहांतही पाणी भरलं.

बुवा गर्दीत उभे होते. मुकादमाने त्यांना पाहिलं आणि धावतच आला. "बुवा, देवासारखे भेटलात. कुठे आहे व्हॉल्व्ह?"

"न्हाव्याच्या पायरीपासून..." बुवांनी तोंड उघडलं, तोच हेडक्लार्कांनी छत्री आडवी धरली.

"बुवा, विचार करा. हे तुम्ही कुठल्या अधिकारात सांगताय? तुमचं स्व प्रलंबित आहे. तुमच्या सांगण्यावरून खणलं आणि व्हॉल्व्ह सापडला, तर तो वैध धरायचा कसा?"

"पण दुकानं बुडतायत हो!"

"बुडणं वेगळं, बेकायदेशीरपणे वाचणं वेगळं," हेडक्लार्क म्हणाले.

तेवढ्यात खात्याची जीप आली. साहेबांना एकदम सुचलं होतं, की नकाशाखोलीचं मूळ स्व ज्यांच्याकडे आहे त्या व्यक्तीलाच का बोलावू नये? जीपमधून ताई उतरली, गळ्यात टेप तसाच. साहेबांनी तिला खुर्ची दिली आणि अदबीने विचारलं, "आपण सांगा. व्हॉल्व्ह कुठे असावा?"

"मला काय ठाऊक? तो उभा आहे ना तिथे, त्याला विचारा."

"त्यांना विचारता येत नाही."

"का? बोलता येतं त्याला."

"नियमात बसत नाही."

"मग मी विचारते. मला कसला नियम?" ताईने तोंडापुढे हात धरून हाक मारली. "छोट्या! कुठे आहे रे ते?"

"न्हाव्याच्या पायरीपासून साडेचार फूट, डावीकडे!"

ताईने गळ्यातला टेप काढला, पायरीपासून मोजला आणि चपलेच्या टाचेने खूण केली. "इथे." मुकादमाने खणलं. दीड फुटावर व्हॉल्व्ह लागला, पाणी थांबलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांबरोबर आलेल्या बाईंचे डोळे भरून आले. साहेबांनी जागेवरच टिपणी केली: "साक्षीदार महिलेच्या बालपणातून व्हॉल्व्ह सापडला." संध्याकाळपर्यंत ताईच्या नावाने नकाशाखोलीचं नेमणूकपत्र निघालं आणि बुवांच्या नावाने कारणे दाखवा नोटीस, की आपण सार्वजनिक ठिकाणी दुसऱ्याच्या स्वात हस्तक्षेप का केलात.

बुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. तसेच तडक ते ताईच्या दुकानात गेले. नेमणूकपत्र कापडाच्या ताग्यावर उघडं ठेवलेलं होतं आणि ताई त्याच्याकडे बघत बसली होती. मशीन बंद.

"घेणार आहेस तू ही नोकरी?"

"मला खुर्ची दिली रे त्यांनी," ताई म्हणाली. "पाठ टेकायची. सगळ्या रस्त्यासमोर. साहेब म्हणाले, आपण सांगा. मला आजवर कुणी आपण म्हटलेलं नाही."

"ताई, माझी खोली आहे ती."

"माहीत आहे." तिने नेमणूकपत्राची कड सरळ केली. "सातवीत मी वर्गात पहिली आले होते. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या सांगायला, मुलीला पुढे शिकवा म्हणून. आई म्हणाली, छोट्याची शाळा सुरू व्हायचीय, दोघांचं कसं जमणार? दुसऱ्या दिवशी मला मशीनवर बसवलं. माझा पाय पुरत नव्हता पायडलला. शाळा तू घेतलीस, नोकरी तू घेतलीस. बरं, घेतलीस ते घेतलीस, मी कधी बोलले? पण बटणं पण तूच घ्यावीस? तेवढी एकच गोष्ट माझी होती. ती पण मीच तुला सांगितली, आणि तू तिच्यावर नाव टाकून मोकळा झालास!"

बुवांनी खाली बघितलं. त्यांना खूप लाज वाटली. त्रेपन्न वर्षांत त्यांना हे कधी सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं याचीच जास्त लाज वाटली.

"काय करू मी, ताई?"

"नोकरी नको मला. या वयात मी कुठे तुझे पाइप शोधत फिरू? बटणं दे परत. लिहून दे."

बुवांनी लिहून दिलं: "पलंगाखालची आठवण माझ्या थोरल्या बहिणीची आहे. माझा तिच्यावर कोणताही हक्क नाही, नव्हता." ताईने कागद दोनदा वाचला, ब्लाउजच्या मापांच्या वहीत ठेवला आणि नेमणूकपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एका गिऱ्हाइकाचं माप लिहायला घेतलं.

ताईचं मिटलं. पण बुवांपाशी आता आठवणच उरली नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर बसून त्यांनी खूप आठवून पाहिलं. एक जिना आठवला, आणि कुठलीतरी बादली. त्यातून कुठलंच स्व निघेना. मुदतीला दोन दिवस उरले होते. हेडक्लार्कांना त्यांची दया आली. ते बाकावर शेजारी येऊन बसले.

"बुवा, तुम्ही इतके खुळे असाल असं वाटलं नव्हतं. स्वतःची आठवण कशाला लिहायची? मंजूर झालेली लिहायची."

"म्हणजे?"

हेडक्लार्कांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर लिहिलेलं होतं: "मी सहा वर्षांचा असताना मला घरट्यातून पडलेलं एक पिल्लू सापडलं. मी त्याला कापसावर ठेवलं आणि थेंब थेंब पाणी पाजलं. ते माझ्या ओंजळीत गेलं. त्याच दिवशी मी ठरवलं, की तहानलेल्याला पाणी द्यायचं."

"ही साहेबांची," हेडक्लार्क म्हणाले. "शिबिरातली. पहिली मंजूर झालेली. आता तुम्हीच सांगा, साहेब ही कुणाची नामंजूर करणार? ज्याची करतील, त्याच्याबरोबर स्वतःचीही करावी लागेल."

"मग बाकी सगळ्यांनी..."

"दोनशे नऊ. साहेब धरून दोनशे दहा. मी एकोणतिसावा."

"आणि बाईंना काही वाटलं नाही?"

"वाटलं तर! त्या थक्क झाल्या. एका खात्यात एवढी माणसं आतून इतकी सारखी असू शकतात, यावर त्या पुस्तक लिहितायत."

खोटं लिहायचं बुवांच्या जिवावर आलं. पण समोर सील दिसत होतं, आणि आत खणांत नकाशांना कसर लागत असेल हे त्यांना दिसत नसलं तरी कळत होतं. त्यांनी फॉर्म भरला. साक्षीसाठी ते पुन्हा ताईकडे गेले. जी खऱ्या आठवणीवर सही करत नाही ती खोट्यावर काय करणार? ताईने पिल्लाचं वाचलं, एकदा बुवांकडे बघितलं आणि पेन उचललं.

"खोटी सही करायची नाही म्हणाली होतीस," बुवांनी न राहवून म्हटलं.

"तेव्हा माझं काहीतरी जात होतं," ताई म्हणाली. "पिल्लू कुणाचं का असेना."

आठवण एका दिवसात मंजूर झाली. प्रमाणपत्रावर शेरा होता: "मूळ स्व: सहृदय. कोणत्याही टेबलास योग्य." सील निघालं, बुवा आत गेले आणि दार लावून घेऊन एकेका खणावरून हात फिरवत राहिले. इथे खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी.

पण बुवांची आठवण सर्वांत शेवटी, एवढ्या संघर्षानंतर निघाली म्हणून बाईंना तिचं फार कौतुक. नव्याने लागणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे ती बुवांनी स्वतः सांगावी असं ठरलं. पहिल्यांदा सांगताना बुवा अडखळले, कान लाल झाले. दुसऱ्यांदा कुणीतरी विचारलं, पिल्लाचा रंग कुठला? बुवा म्हणाले करडा, चोचीच्या कडेला पिवळा. तिसऱ्यांदा त्यांनी ते आपणहून सांगितलं. पाचव्यांदा 'ओंजळीत गेलं' म्हणताना त्यांचा आवाज खरोखर फुटला. ते पिल्लू किती हलकं होतं, आणि कसं गरम, आणि मग कसं गरम राहिलं नाही, हे त्यांच्या तळहाताला आठवत होतं. घरी आईला विचारलं तर ती म्हणाली, "ते पिल्लू होय! अरे, तीन दिवस अन्नाला शिवला नव्हतास तू."

एका दुपारी ताई घरी आली होती. शेजारच्या काकू आल्या आणि आईने त्यांना पिल्लाची गोष्ट सांगायला घेतली. ताई गुडघ्यावर हनुवटी ठेवून ऐकत होती. शेवटी तिने डोळे पुसले.

"बिचारं," ती म्हणाली. "कापूस मीच आणून दिला होता, उशी उसवून."

"काय?" बुवा ताडकन उठले. "तू कुठे होतीस तिथे? कापूस मी आणला होता!"

"तू? सहा वर्षांचा तू, तुला उशी उसवता तरी येत होती? कात्री कोण हातात देणार होतं तुला? मी आणला कापूस, आणि आईची बोलणी पण मीच खाल्ली."

"खोटं! साफ खोटं! तू त्या वेळी शाळेत होतीस!"

"शाळेतून मला काढलं होतं, विसरलास?"

आई मधे पडली आणि म्हणाली की उशी माझी होती. त्या दिवसापासून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. ताईने खात्याकडे रीतसर हरकत दाखल केली आहे, की पिल्लू अर्जदाराचं, पण कापूस माझा. सुनावणीची तारीख लागली आहे. साहेब अस्वस्थ आहेत, कारण त्यांनाही आता वाटू लागलंय की त्यांच्या वेळीही कापूस दुसऱ्याच कुणीतरी आणून दिला होता.

हसताय? हसा. पण हे वाचताना तुम्हालाही तुमचं काहीतरी लहानपणचं आठवून गेलंच असेल. तीच ती एक गोष्ट, जी तुम्ही चारचौघांत सांगता आणि वर म्हणता, "मी पहिल्यापासूनच असा." ती तुम्ही पाहिलेली आहे की ऐकलेली? घरात कुणी थोरलं भावंड असेल तर आत्ता त्याला फोन लावा आणि विचारा. नाही लावत ना? मग या इकडे. फॉर्म खिडकी क्रमांक तीनवर मिळतात, मजकूर आता आम्ही छापूनच देतो, तुम्हाला फक्त नाव घालायचं आहे.